ग्रहांची अंतरे ठरावीक पटीने वाढत जातात, यामागे नियम आहे की निव्वळ योगायोग?

रेघोटी (धागाकर्ता)

ग्रहांच्या अंतरांचे आकडे अनेकदा वाचले, पण ते कधी डोळ्यांसमोर उभे राहिले नाहीत, म्हणून गेल्या आठवड्यात मी तीन मीटरांहून थोडी लांब अशी कागदी फीत चिकटवून तयार केली. सूर्य आणि पृथ्वी यांच्यातील सरासरी अंतर, म्हणजे एक खगोलीय एकक (सुमारे १४ कोटी ९६ लाख किलोमीटर), मी १० सेंटीमीटर धरले आणि त्या प्रमाणात खुणा केल्या. बुध ३.९ सेंटीमीटरवर आला, शुक्र ७.२ वर, पृथ्वी १० वर आणि मंगळ १५.२ वर. म्हणजे आतले चारही ग्रह पंधरा सेंटीमीटरच्या साध्या मोजपट्टीत मावता मावता राहिले. एकटा मंगळ तेवढा दोन मिलिमीटर बाहेर गेला. त्यानंतर मात्र गुरूची खूण थेट ५२ सेंटीमीटरवर, शनीची ९६ वर, युरेनसची १९२ वर आणि नेपच्यूनची ३०१ वर करावी लागली. ग्रह काढण्याचा बेत सोडून द्यावा लागला, कारण या प्रमाणात खुद्द सूर्यच एक मिलिमीटरपेक्षा किंचित लहान होतो आणि गुरू त्याच्या दहाव्या भागाएवढा. पेन्सिलीचा बारीकात बारीक ठिपकाही गुरूपेक्षा मोठा पडतो.

फीत भिंतीवर लावल्यावर एक गोष्ट खटकली. प्रत्येक ग्रहाच्या अंतराला त्याच्या अलीकडच्या ग्रहाच्या अंतराने भागले, तर १.८७, १.३८, १.५२, ३.४१, १.८४, २.०० आणि १.५७ अशी गुणोत्तरे मिळतात. मंगळ आणि गुरू यांच्यामधील ३.४१ वगळता सगळी १.४ ते २ च्या घरात आहेत. अंतरे ठरावीक भर पडून न वाढता ठरावीक पटीने वाढावीत, असे कशामुळे होत असेल? मधली मोठी मोकळी जागा एखादा ग्रह फुटल्यामुळे पडली आहे का? आणि खरोखरच काही नियम असेल, तर तो आधी सांगून मग पडताळून पाहिला गेला आहे का, की आकडे हाती आल्यानंतर कुणीतरी त्यांना साजेसे सूत्र शोधले? जाणकारांनी कृपया विस्ताराने लिहावे.


ध्रुवमत्स्य

तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण या विषयाची सगळी गंमत तिथे आहे. सूत्र आकडे पाहूनच तयार झाले, पण नंतर त्याने दोनदा अचूक भाकीत केल्यासारखे वाटले, आणि त्यामुळे पुढची पन्नास-साठ वर्षे खगोलशास्त्रज्ञांचा त्यावर गरजेपेक्षा जास्त विश्वास बसला.

या मोकळ्या जागेने पहिल्यांदा अस्वस्थ केले ते केप्लरला. १५९६ च्या आपल्या ग्रंथात त्याने पाच नियमित घनाकृती एकात एक बसवून सहा ग्रहांच्या अंतरांचा उलगडा करण्याचा प्रयत्न केला; त्याआधी त्याने मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये एक न दिसणारा ग्रह घालून पाहिला होता, पण तेवढ्यानेही हिशेब जमेना. १७६६ मध्ये योहान टिटियस या जर्मन प्राध्यापकाने शार्ल बॉने यांच्या एका ग्रंथाचे भाषांतर करताना मूळ मजकुरात स्वतःचा एक परिच्छेद घुसवून दिला. त्यात हा नियम होता: ०, ३, ६, १२, २४, ४८, ९६ ही दुपटीची माळ घ्यावी, प्रत्येक संख्येत ४ मिळवावेत आणि दहाने भागावे. उत्तरे येतात ०.४, ०.७, १.०, १.६, २.८, ५.२ आणि १०.०. बुधाचे खरे अंतर ०.३९, शुक्राचे ०.७२, मंगळाचे १.५२, गुरूचे ५.२० आणि शनीचे ९.५८ आहे. १७७२ मध्ये योहान बोडे याने हा नियम आपल्या पुस्तकात घेतला, आणि तोही सुरुवातीला टिटियसचा उल्लेख न करता, त्यामुळे आज अनेक जण त्याला नुसता बोडेचा नियम म्हणतात. भाषांतरकाराने मूळ लेखकाच्या तोंडी स्वतःचे विचार घातले आणि ते विचार तिसऱ्याच माणसाच्या नावावर जमा झाले, हा न्याय काव्यात्म म्हणावा लागेल.

पुढे १३ मार्च १७८१ रोजी विल्यम हर्शेलला युरेनस सापडला. माळेतील पुढची संख्या १९.६ आणि युरेनसचे अंतर १९.२, चूक जेमतेम दोन टक्क्यांची. आता २.८ या रिकाम्या घरात कुणीतरी असलेच पाहिजे, अशी खात्री पटून युरोपातील काही खगोलशास्त्रज्ञांनी राशिचक्राचे चोवीस भाग पाडून शोध वाटून घेण्याची योजना १८०० मध्ये आखली. त्या योजनेचे निमंत्रण हाती पडण्यापूर्वीच, १ जानेवारी १८०१ रोजी, पालेर्मोच्या वेधशाळेत जुझेप्पे पियाझ्झी यांना सेरेस दिसला. त्यांनी तो ११ फेब्रुवारीपर्यंत पाहिला आणि मग तो सूर्याच्या प्रकाशात हरवला. तेवढ्या मोजक्या निरीक्षणांवरून चोवीस वर्षांच्या गाउसने त्याची कक्षा काढली आणि वर्ष संपण्याच्या शेवटच्या रात्री सेरेस पुन्हा सापडला. अंतर होते २.७७.

इथवर नियमाचा जयजयकार झाला, आणि घसरणही इथूनच सुरू झाली. १८०२ मध्ये जवळजवळ त्याच अंतरावर पॅलस सापडला, १८०४ मध्ये जूनो, १८०७ मध्ये व्हेस्टा. एका घरात चार भाडेकरू निघाले. दुसरा, म्हणजे पॅलस, सापडल्यावरच जर्मन खगोलशास्त्रज्ञ ओल्बर्स यांनी फुटलेल्या ग्रहाची कल्पना मांडली होती, तीच तुमच्या मनात आली आहे. आज ती टिकत नाही, कारण मंगळ आणि गुरू यांच्यामधील सगळे लघुग्रह एकत्र केले तरी त्यांचे वस्तुमान आपल्या चंद्राच्या साधारण तीन टक्केच भरते, आणि त्यातला सुमारे एक तृतीयांश वाटा एकट्या सेरेसचा आहे. फुटण्यासाठी तिथे ग्रह कधी तयारच झाला नाही.

नियमाचा खरा निकाल नेपच्यूनने लावला. माळेनुसार त्याचे अंतर ३८.८ असायला हवे होते, प्रत्यक्षात ते ३०.१ आहे. युरेनसच्या गतीतील बिघाडावरून नव्या ग्रहाचे स्थान शोधताना ले व्हेरिये आणि अ‍ॅडम्स या दोघांनीही या नियमावर भरवसा ठेवून अंतराची सुरुवातीची अटकळ ३८ च्या आसपास धरली होती, आणि ले व्हेरियेचे अंतिम उत्तरही ३६ च्या आसपास होते. तरीही २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिनमध्ये गाल्ले यांनी दुर्बीण त्या दिशेला वळवली, तेव्हा ग्रह सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत सापडला. अंतर सहा एककांनी चुकलेले असताना दिशा कशी काय बरोबर आली, हा प्रश्न साहजिक आहे. युरेनसने नेपच्यूनला आतल्या कक्षेतून मागे टाकले ते १८२१ च्या सुमारास, आणि ओढ सर्वाधिक होती त्या दशकांतील दिशा हा बिघाडच ठरवून देत होता. ग्रह दूरचा आणि जड धरला काय, किंवा जवळचा आणि हलका धरला काय, त्या काळापुरती दिशा फारशी बदलत नव्हती.


विशाखा

मुख्य चर्चेला फाटा फोडण्याचा हेतू नाही, पण धाग्याच्या शीर्षकात ‘ग्रहांची अंतरे’ असे लिहिले आहे, तेव्हा एक खुलासा आवश्यक वाटतो. इथे चर्चा चालली आहे ती सूर्यापासूनच्या सरासरी अंतराची, म्हणजे कक्षेच्या लंबवर्तुळाच्या अर्ध्या मोठ्या अक्षाची. दोन ग्रहांमधील अंतर ही वेगळी गोष्ट आहे आणि ती सतत बदलते. पृथ्वी आणि मंगळ हे ऑगस्ट २००३ मध्ये एकमेकांपासून ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आले होते, आणि सूर्याच्या विरुद्ध बाजूंना असताना त्यांच्यात ४० कोटी किलोमीटरपर्यंत अंतर पडू शकते.

याचा परिणाम असा की, पृथ्वीचा सर्वांत जवळचा ग्रह कोणता, या प्रश्नाची दोन वेगवेगळी उत्तरे खरी ठरतात. सर्वांत जवळ येणारा ग्रह शुक्रच आहे, पण दीर्घ काळाची सरासरी काढली तर मान बुधाला मिळतो. कक्षा वर्तुळाकार आणि एकाच प्रतलात धरल्या, तर आतल्या ग्रहाचे पृथ्वीपासूनचे सरासरी अंतर ढोबळमानाने १ अधिक त्याच्या सूर्यापासूनच्या अंतराच्या वर्गाचा चौथा हिस्सा, इतके येते. बुधासाठी ते १.०४ होते, शुक्रासाठी १.१३, आणि मंगळासाठी बाहेरच्या बाजूने हिशेब केल्यास सुमारे १.७. शुक्र जितका जवळ येतो तितकाच सूर्यापलीकडे दूरही जातो. बुध सूर्याला धरून असल्यामुळे फार दूर जाऊ शकत नाही. हाच तर्क कोणत्याही ग्रहावर उभे राहून लावता येतो, त्यामुळे नेपच्यूनचाही सरासरीने सर्वांत जवळचा ग्रह बुधच ठरतो. फितीवर पाहिले तर हे पटणे कठीण आहे, कारण फितीवर सगळे ग्रह सूर्याच्या एकाच बाजूला उभे केलेले असतात.


रेघोटी (धागाकर्ता)

ध्रुवमत्स्य आणि विशाखा, दोघांचेही आभार. सूर्याच्या एकाच बाजूला उभे केलेले ग्रह ही चूक माझ्या फितीत आहेच, हे मान्य.

परंतु ध्रुवमत्स्य यांच्या उत्तराने माझी अडचण अर्धीच सुटली. टिटियसचा नियम चुकीचा ठरला, हे समजले. तो नियम बाजूला ठेवला तरी माझी गुणोत्तरे जागच्या जागी राहतात. त्यांच्यासाठी ४ मिळवण्याची किंवा शून्यापासून सुरुवात करण्याची गरज नाही. आकड्यांची माळ खोटी असली तरी ग्रह बाहेरच्या बाजूला विरळ होत जातात ही गोष्ट खरीच आहे. तिला काही भौतिक कारण आहे का?


अगस्ती

आहे, आणि ते समजायला टिटियसच्या माळेपेक्षा सोपे आहे. एखादा ग्रह सूर्याच्या ओढीला न जुमानता आपल्या आसपासच्या वस्तूंवर अंमल गाजवू शकतो, अशा क्षेत्राच्या त्रिज्येला हिल त्रिज्या म्हणतात. ग्रहाच्या वस्तुमानाला सूर्याच्या वस्तुमानाच्या तिपटीने भागावे, आलेल्या संख्येचे घनमूळ काढावे आणि त्याला ग्रहाच्या सूर्यापासूनच्या अंतराने गुणावे, की ही त्रिज्या मिळते. पृथ्वीसाठी ती १५ लाख किलोमीटर आहे, आणि चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर असल्यामुळे तो या अंमलाखाली सुरक्षित राहतो. सूत्रात अंतराने केलेल्या गुणाकाराकडे लक्ष द्यावे. हीच पृथ्वी, वस्तुमानात तसूभरही बदल न करता, उचलून नेपच्यूनच्या जागी ठेवली, तर तिच्या अंमलाचे क्षेत्र तीसपट होऊन साडेचार कोटी किलोमीटर होईल, कारण तिथे सूर्याची पकडच ढिली असते.

आता ग्रह कसे वाढतात ते पाहू. सूर्याभोवतीच्या वायू आणि धूळ यांच्या तबकडीत वाढणारा प्रत्येक गोळा आपल्या कक्षेच्या दोन्ही बाजूंचा, काही हिल त्रिज्या रुंदीचा पट्टा वेचून खातो. दोन गोळ्यांचे पट्टे एकमेकांत घुसले, तर ते कालांतराने एकमेकांवर आदळतात किंवा एकमेकांना भिरकावून देतात. शेवटी जे उरतात, ते परस्परांपासून पुरेशा हिल त्रिज्या अंतर राखून असलेलेच. पट्ट्याची रुंदी सूर्यापासूनच्या अंतराच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे शेजाऱ्यांमधील फटही त्याच प्रमाणात वाढते, आणि प्रत्येक पायरीला ठरावीक भर पडण्याऐवजी ठरावीक पट लागते. दोन ग्रहांपुरता हिशेब काटेकोर करता येतो: त्यांच्या वस्तुमानांची बेरीज घेऊन काढलेल्या सामायिक हिल त्रिज्येच्या साडेतीनपट अंतर असेल, तर वर्तुळाकार कक्षांतील दोन ग्रह एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. ग्रह अधिक असतील आणि अब्जावधी वर्षे टिकायचे असेल, तर साधारण दहा किंवा त्याहून जास्त लागतात.

धागाकर्त्यांच्या फितीवरील फटी या मापाने पुन्हा मोजल्या, तेव्हा मला स्वतःला आश्चर्य वाटले. बुध आणि शुक्र यांच्यात ६३ सामायिक हिल त्रिज्या बसतात, शुक्र आणि पृथ्वी यांच्यात २६, पृथ्वी आणि मंगळ यांच्यात ४०, मंगळ आणि गुरू यांच्यात १६, गुरू आणि शनी यांच्यात अवघ्या ८, आणि पुढच्या दोन फटींत प्रत्येकी १४. म्हणजे फितीवर अंगाला अंग लावून उभे असलेले आतले ग्रह मुळात ऐसपैस बसलेले आहेत, आणि एकमेकांपासून सुमारे ६५ कोटी किलोमीटर दूर असलेले गुरू आणि शनी हेच सूर्यमालेतील सर्वांत दाटीने राहणारे शेजारी आहेत. ३.४१ या गुणोत्तराची ती प्रसिद्ध मोकळी जागा या मापाने पाहिली तर युरेनसच्या अलीकडच्या किंवा पलीकडच्या फटीपेक्षा फारशी वेगळी नाही. ती मोठी दिसते, कारण तिच्या एका टोकाला गुरू आहे आणि गुरूला जागा जास्त लागते.

योगायोग किती आणि कारण किती, हेही तपासून झाले आहे. वेन हेस आणि स्कॉट ट्रेमेन यांनी १९९८ मध्ये संगणकावर यादृच्छिक ग्रहमाला तयार केल्या. अट इतकीच की शेजारी फार जवळ नसावेत. अशा मालाही टिटियसच्या धाटणीच्या सूत्रात आपल्या सूर्यमालेइतक्याच चांगल्या बसतात, असे त्यांना आढळले. ‘शेजाऱ्यापासून आपल्या आकाराच्या मानाने दूर राहा’ एवढी एकच अट घातली की दुपटीसारखी माळ आपसूक तयार होते, आणि मग तिच्यात गूढ शोधण्याचे कारण उरत नाही.


विशाखा

अगस्ती, एक शंका. तुमच्या हिशेबानुसार सर्वांत ऐसपैस जागा बुधाला आहे, ६३ त्रिज्या. परंतु मी असे वाचले आहे की पुढील काळात कक्षा बिघडण्याचा सर्वाधिक धोका बुधालाच आहे. दोन्ही विधाने एकाच वेळी कशी खरी असू शकतात?


अगस्ती

दोन्ही खरी आहेत, आणि माझ्या मापाची मर्यादा तुम्ही नेमकी हेरली. हिल त्रिज्या सांगते ती जवळच्या शेजाऱ्याची धक्काबुक्की. बुधाला धोका आहे तो दूरवरच्या गुरूचा. ग्रहांच्या लंबवर्तुळांची दिशा स्थिर नसते. प्रत्येक कक्षा लाखो वर्षांत हळूहळू फिरत राहते. बुधाच्या कक्षेच्या फिरण्याचा वेग आणि गुरूच्या कक्षेच्या फिरण्याचा वेग हे एकमेकांच्या जवळ आहेत, आणि ते जुळले, तर गुरूचा नगण्य धक्का दर फेरीला एकाच दिशेने बसत जातो, झोपाळ्याला नेमक्या वेळी दिलेल्या हलक्या झोक्यासारखा. जाक लास्कर आणि मिकाएल गास्तिनो यांनी २००९ मध्ये सुरुवातीच्या स्थितीत अतिसूक्ष्म फरक ठेवून अडीच हजार भविष्ये संगणकावर चालवली. पाच अब्ज वर्षांत बुधाची कक्षा खूप लांबट होण्याची शक्यता त्यांत सुमारे एक टक्का निघाली. उरलेल्या ९९ टक्क्यांत तुमची फीत आहे तशीच राहते, असे समजायला हरकत नाही.


मृगशीर्ष

वरील चर्चा वाचनीय आहे. तिच्यात एक गृहीतक मात्र नकळत शिरले आहे, ते म्हणजे ग्रह आज जिथे आहेत तिथेच जन्मले. निदान बाहेरच्या ग्रहांच्या बाबतीत ते खरे नाही, असेच आजचे बहुतेक संशोधक मानतात.

सर्वांत बोलका पुरावा प्लूटो देतो. नेपच्यूनला सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करायला सुमारे १६५ वर्षे लागतात, प्लूटोला २४८. नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेवढ्या काळात प्लूटोच्या दोन. अशा साध्या पूर्णांकी प्रमाणाला अनुनाद म्हणतात. याच्याच जोरावर प्लूटो १९७९ ते १९९९ या काळात नेपच्यूनच्या कक्षेच्या आत येऊनही त्याच्याजवळ फिरकला नाही. प्लूटो या प्रमाणात अडकला कसा आणि त्याची कक्षा इतकी लांबट का, याचा खुलासा रेणू मल्होत्रा यांनी १९९३ मध्ये दिला: नेपच्यून सूर्याच्या जवळ जन्मला आणि हळूहळू बाहेर सरकला, सरकताना त्याने प्लूटोला अनुनादात पकडून पुढे ढकलत नेले, आणि त्या ढकलण्याने प्लूटोची कक्षा ताणली गेली. त्याच प्रमाणात अडकलेले इतर अनेक लहान गोल पुढे सापडले, तेव्हा या खुलाशाला बळ मिळाले.

नेपच्यून सरकला तो उरल्यासुरल्या बर्फाळ गोळ्यांच्या जिवावर. तो ते गोळे आत फेकत गेला, आणि प्रत्येक फेकीमागे स्वतः कणभर बाहेर सरकला. आत आलेले गोळे गुरूने सूर्यमालेबाहेर भिरकावून दिले आणि त्या मोबदल्यात गुरू किंचित आत आला. २००५ मध्ये मांडल्या गेलेल्या प्रारूपात, ज्याला नीस शहरावरून नाव पडले, चारही मोठे ग्रह सुरुवातीला आजच्यापेक्षा बरेच जवळ जवळ होते आणि नंतर विस्कटून पांगले. त्याचे तपशील तेव्हापासून अनेकदा बदलले आहेत, परंतु पांगापांग झाली या मुद्द्यावर फारसा वाद नाही. तेव्हा फितीवरील ९६, १९२ आणि ३०१ या खुणा म्हणजे ग्रह थांबले ती ठिकाणे आहेत. निघाले कुठून, ते फितीवर दिसत नाही.

अनुनाद नेहमी पकडून ठेवतो असेही नाही, कधी तो हुसकावून लावतो. सूर्यापासून २.५ एककांवरील लघुग्रह गुरूच्या एका फेरीत बरोबर तीन फेऱ्या मारील, आणि तिथे लघुग्रहांची रांगच तुटलेली आहे; डॅनियल कर्कवुड यांनी १८६६ मध्ये ही रिकामी पट्टी दाखवून दिली. धागाकर्त्यांच्या मोकळ्या जागेत मंगळाएवढा ग्रह का उभा राहिला नाही, याचेही मुख्य कारण गुरूच आहे: त्याने तिथला बराचसा माल भिरकावून दिला आणि उरलेल्याला इतके ढवळले की गोळे चिकटण्याऐवजी आपटून फुटू लागले.

दुसऱ्या ताऱ्यांकडे पाहिले तर वेगळेच चित्र दिसते. ट्रॅपिस्ट-१ या सुमारे ४० प्रकाशवर्षे दूर असलेल्या लहानशा ताऱ्याभोवती साधारण पृथ्वीएवढे सात ग्रह आहेत आणि सर्वांत बाहेरचा ग्रह ताऱ्यापासून फक्त ०.०६२ एककांवर आहे. तुमच्या फितीवर ते सातही ग्रह सूर्यापासून ६.२ मिलिमीटरच्या आत बसतील, बुधाच्या खुणेच्याही खूप अलीकडे. शेजाऱ्यांच्या अंतरांचे गुणोत्तर तिथे १.२ ते १.४ इतकेच आहे, आणि त्यांचे प्रदक्षिणाकाल ८:५, ५:३, ३:२, ३:२, ४:३ आणि ३:२ या प्रमाणांच्या अगदी जवळ आहेत. एका अखंड अनुनादसाखळीमुळे ती दाटी टिकून आहे. आपली माला कधीकाळी अशीच साखळीत होती आणि नंतर ती तुटली, असा एक विचार आहे, आणि मला तो पटतो.


रेघोटी (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अगस्ती यांचा प्रतिसाद वाचून मी दुसरी फीत केली. या वेळी अंतर दुप्पट झाले की फितीवर १० सेंटीमीटर पुढे जायचे, असे प्रमाण घेतले. बुध ते नेपच्यून ही सगळी लांबी ६३ सेंटीमीटरमध्ये मावली. फटी क्रमाने ९.०, ४.७, ६.१, १७.७, ८.८, १०.० आणि ६.५ सेंटीमीटर आल्या. पहिल्या फितीवर नेपच्यूनचे एकटे राज्य होते, इथे सगळे एका ओळीत शहाण्यासारखे उभे आहेत. १७.७ च्या फटीत सेरेसची खूण केली, तर ती मंगळापासून ८.६ आणि गुरूपासून ९.१ सेंटीमीटरवर पडते, जवळजवळ मधोमध.

एकच अडचण आली. सूर्याची खूण कुठे करावी ते कळेना. डावीकडे कितीही सरकलो, तरी दर १० सेंटीमीटरला अंतर निम्मे होते, शून्य काही होत नाही.


ध्रुवमत्स्य

होणारही नाही. टिटियसची अडचणही हीच होती. दुपटीची माळ मागे नेली तर ३ च्या आधी दीड यायला हवा होता, पण दीड धरला तर बुध ०.५५ वर पडतो, म्हणून त्याने तिथे ० घातला. तुम्ही सूर्य फितीबाहेर ठेवला, तर फीत निदान प्रामाणिक राहील.